टाकी भरल्यावरचा वास

गाडीत पेट्रोलचा वास येतोय असं मी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा हे शेजारच्या सीटवर डोळे मिटून बसले होते. डोळे न उघडताच म्हणाले, पेट्रोलच्या गाडीत पेट्रोलचा नाही तर काय मोगऱ्याचा वास येणार? सकाळची वेळ होती, रस्त्यावर सोयाबीनच्या ट्रॉल्या होत्या, आणि गाडी चालवताना बोलणं आणि समोर बघणं ही दोन कामं मला अजून एकदम जमत नव्हती.

आम्ही रिसोडहून वाशिमला चाललो होतो. आठवड्यातून दोनदा जायचो, अजूनही जातो. यांच्या किडन्या हळूहळू कामातून गेल्या आणि डायलिसिस सुरू झालं. त्याआधी यांचं आयुष्य बाजार समितीच्या आवारात गेलं. आमचं अडतीचं दुकान. शेतकऱ्यांचा माल उतरवून घ्यायचा, त्याचा दर्जा ठरवायचा, लिलावात विकून द्यायचा. आजारपणात यांनी दुकान धाकट्या भावाच्या हाती दिलं आणि घरी बसले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. माझी निवृत्ती आणि यांचं डायलिसिस मागेपुढेच आलं, त्यामुळे निवृत्तीनंतर काय करायचं हा प्रश्न मला पडलाच नाही.

सुरुवातीला आम्ही भाड्याची गाडी सांगत होतो. ड्रायव्हर कधी उशिरा यायचा, कधी लग्नाचं भाडं मिळालं की यायचाच नाही. मग एक दिवस हेच म्हणाले, "तूच शिक." मी तोवर स्टिअरिंगला कधी हात लावला नव्हता. बाजार बंद असायचा त्या दिवशी रिकाम्या आवारात यांनी मला शिकवलं. क्लच झटक्यानं सुटला की म्हणायचे, "हळू सोड. बैल नाहीत ते, गाडी हाये." पण चिडत नसत. आजारी माणसाला दुसऱ्याला काही शिकवता येतंय याचं त्यांना बरं वाटत असावं.

गाडी जुनी. लाल रंगाची, छोटी, पेट्रोलवर चालणारी. मुलगी प्राथमिक शाळेत होती तेव्हा घेतलेली. आता त्या मुलीला मुलगी आहे आणि ती पुण्यात असते. लाल रंग टपावर उडून गुलाबी झालाय. दारं बंद करताना थोडं उचलून धरावी लागतात. तरी ती कधी रस्त्यात उभी राहिली नव्हती, आणि याचा यांना इतका अभिमान की पाहुण्यांना दहा वेळा सांगत.

वास रोज येत नसे, हीच त्यातली मोठी अडचण होती. एखाद्या दिवशी बसल्याबरोबर नाकात शिरायचा, इतका की वाशिम येईपर्यंत माझं डोकं ठणकायला लागायचं. दुसऱ्या खेपेला काहीच नाही. बरेच दिवस गेल्यावर माझ्या लक्षात आलं की पेट्रोल भरून निघालो की वास येतो, आणि काटा खाली आला की जातो. पण हे मी यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले की भरताना हाताला लागत असेल, पंपावरचे लोक सांडतात. मी म्हटलं, मी तर हात लावतच नाही.

जाताना मी काचा खाली ठेवायची. येताना ते जमत नसे. डायलिसिस झाल्यावर यांना थंडी वाजते, भर उन्हातसुद्धा. शाल गुंडाळून बसायचे आणि काचा वर कर म्हणायचे. मी माझ्या बाजूची काच चार बोटं उघडी ठेवायची आणि नाक तिकडे करून गाडी चालवायची. तेवढ्याही वाऱ्यानं ते कुडकुडायचे. मग मी तीही बंद करायची. घरी आल्यावर यांना झोपवून, लुगडं बदलून, ते भिजत टाकून मी न्हाणीत नुसती बसून राहायची. पाणी घ्यायचंही त्राण नसे. लुगड्याला वास असायचा. एकदा ते यांच्या पुढ्यात धरलं तर म्हणाले, "साबणाचा येऊन राह्यला." साबण अजून लावलाही नव्हता.

तेव्हाच मला कळायला हवं होतं, असं आता वाटतं. पण तेव्हा मला वाटलं की ते मुद्दाम करतात. गाडीला नाव ठेवलेलं त्यांना खपत नसे. दुकान गेलं, येणं-जाणं गेलं, पाणी मोजून प्यायचं, जेवण अळणी. त्यांचं म्हणून जे काही उरलं होतं त्यात ही गाडी होती. ती गळते म्हटलं की ती विकायची गोष्ट निघेल अशी त्यांना भीती असणार, असा मी हिशेब केला आणि जोर लावला नाही.

बायपासवर एक गॅरेज आहे. तिथल्या मिस्त्रीकडेच आमची गाडी नेहमी जाते. त्याच्याकडे नेली. तो पाठीवर झोपून गाडीखाली गेला, टॉर्च फिरवला, पाईपांवरून हात फिरवून बोटं पाहिली. कोरडी होती. बाहेर येऊन म्हणाला, "मॅडम, कुठंच ओलं नाई. जुन्या गाडीले थोडा वास राह्यतेच." त्या दिवशी काटा लाल रेघेजवळ होता, टाकी जवळपास रिकामी होती. ही गोष्ट त्याच्याही डोक्यात आली नाही आणि माझ्याही. परतताना हे खुशीत होते. म्हणाले, "तुह्या नाकातच पेट्रोल बसलं." गमतीनं म्हणाले, पण मला ते लागलं.

मुलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, विकून टाका ना ती, काय धरून बसलाय. मग जरा थांबून, हलक्या आवाजात म्हणाली की आई, तू फार थकलीयेस, थकल्यावर माणसाला असे भास होतात, तू स्वतःही एकदा डॉक्टरांना दाखव. तिला माझी काळजी होती, हे खरं. पण फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात गेले आणि डबे उघडून हुंगायला लागले. हिंग, ओवा, मेथी. मग फिनेलची बाटली. सगळ्याचे वास बरोबर येत होते. तरीही मनातली शंका जाईना. दोन माणसं एका गाडीत बसतात, एकाला वास येतो आणि दुसऱ्याला येत नाही, तर चूक कोणाची? मिस्त्री म्हणतो नाही, नवरा म्हणतो नाही, मुलगी म्हणते भास. मीही मग बोलणं सोडून दिलं. बोलण्यापेक्षा डोकेदुखीची गोळी घेणं सोपं होतं.

पुढे गाडी चढावर अडखळायला लागली. पाय दाबला की क्षणभर दम कोंडल्यासारखी व्हायची आणि मग धक्का देऊन पुढे जायची. हे मात्र यांनाही जाणवलं. स्पेअर पार्टच्या दुकानात मी वायपरचं रबर आणायला गेले होते, तेव्हा सहज विचारलं. दुकानदारानं मागच्या फळीवरची एक छोटी बाटली पुढे ठेवली. ही टाकीत ओतायची, वरून टाकी फुल करायची, टाकीपासून इंजिनापर्यंतची सगळी घाण आपोआप साफ होते, गाडी नव्यासारखी चालते, असं म्हणाला. मी वासाचं विचारलं. तोही जाईल म्हणाला. दुकानदाराला मी जे विचारलं असतं ते जाईल असंच तो म्हणाला असता.

ती बाटली यांना फार आवडली. चष्मा लावून त्यांनी तिच्यावरचा बारीक मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, मग परत वाचला. गॅरेज नको, गाडी उघडणं नको, नुसतं एक औषध पाजायचं आणि दुखणं बरं. आठवड्यातून दोनदा स्वतःचं रक्त मशीनमधून धुऊन घेणाऱ्या माणसाला ती कल्पना का आवडली असेल, हे मी त्यांना विचारलं नाही. पुढच्या खेपेच्या दिवशी पंपावर त्यांनी स्वतः खाली उतरून बाटली ओतली, थेंब न सांडता, आणि पंपावरच्या माणसाला टाकी फुल करायला सांगितली. एरवी आम्ही जाण्यायेण्यापुरतं पेट्रोल घ्यायचो. टाकी गळ्यापर्यंत भरलेली मला आठवतच नाही.

त्या दिवशी वाशिमपर्यंतचा प्रवास मी कसा केला ते मलाच माहीत. वास इतका होता की जिभेवर त्याची चव येत होती. गाडी मात्र बरी चालली होती, त्यामुळे हे समाधानात होते. औषध काम करून राह्यलं, म्हणाले. दवाखान्यापुढे सावलीत जागा नव्हती, गाडी उन्हातच उभी केली. हे आत गेले. मी बाहेरच्या बाकावर इतर बायकांबरोबर बसले. त्या बाकावर आम्ही सगळ्या एकमेकींना चेहऱ्यानं ओळखतो आणि कोणी फारसं बोलत नाही. डुलकी लागली असावी. यांचं झालं तेव्हा नर्सनं येऊन खांद्याला हात लावून उठवलं.

येताना रिठद गावाच्या अलीकडे गाडीनं दोन-तीन आचके दिले. मी पाय दाबला, ती आणखी मंद झाली. कशीबशी कडेला घेतली आणि तिथे ती बंद पडली. चावी फिरवली तर नुसती घरघरत राहायची, पेटत नव्हती. दुपार होती. दोन्ही बाजूंना सोयाबीन काढून झालेली मोकळी वावरं, मधल्या ओळींत तूर उभी. ऊन ऑक्टोबरचं, चामडं सोलणारं.

मी यांना म्हटलं, तुम्ही बसून राहा, मी मिस्त्रीला फोन लावते. फोनला रेंज यावी म्हणून मी रस्त्यानं थोडी पुढे गेले. मिस्त्रीनं उचलला. मी सांगत होते आणि बोलता बोलता मागे वळून पाहिलं, तर हे गाडीतून उतरले होते. डिकीला टेकून उभे होते, शाल खांद्यावर, आणि हात खिशात. यांना सिगारेट केव्हाचीच मना केली आहे. तरी ते अधूनमधून एखादी ओढतात, गच्चीवर जाऊन. मला वास यायचा आणि मी बोलायची नाही. एवढं तरी असू दे, असं वाटायचं.

त्यांच्या हातात काडीपेटी होती. आणि त्यांच्या पायाशी, मागच्या चाकाजवळ, डांबरावर एक काळी ओली रेघ उतरत कडेच्या मातीत जात होती.

मी धावले नाही, हे मला नीट आठवतं. फोन तसाच कानाशी होता. मी चालत गेले, जितकं भरभर चालता येईल तितकं, आणि त्यांचा हात धरला. सुया टोचलेल्या दंडाला पट्टी होती म्हणून मी मनगट धरलं. काडी अजून ओढलेली नव्हती.

"काय झालं?" ते म्हणाले.

"पेटवू नका. खाली पाहा."

त्यांनी खाली पाहिलं. टाकीच्या तोंडाकडून, पत्र्याच्या आतल्या बाजूनं थेंब येत होते, एकामागून एक. त्यांनी ते बराच वेळ पाहिलं.

"पाणी असन," ते म्हणाले.

मी वाकून त्या थेंबाखाली बोटं धरली. ती ओली बोटं त्यांच्या नाकापुढे नेली, अगदी मिशीला लागतील इतकी जवळ. मला रागही आला नव्हता. मला फक्त एकदाचं हे संपवायचं होतं. त्यांनी श्वास घेतला. परत घेतला. मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मीच हात खाली घेतला.

"येत नाई," ते म्हणाले. "मले कायचाच वास येत नाई. लय दिवस झाले."

फोनमधून मिस्त्री हॅलो हॅलो करत होता. मी त्याला पेट्रोल गळतंय म्हणून सांगितलं. तो म्हणाला की गाडी अजिबात सुरू करू नका, चाकांना दगड लावा आणि दूर जाऊन बसा, मी दुसरी एक गाडी खोलून बसलोय, संध्याकाळशिवाय निघता येणार नाही. मी दगड लावले. काडीपेटी यांच्याकडून घेतली आणि माझ्या पिशवीत टाकली. वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक कडुलिंबाचं झाड होतं, तिथे आम्ही जाऊन बसलो. त्या दिवशी त्यांना चालवत नव्हतं, तेवढं अंतरही माझ्या खांद्यावर भार टाकून आले.

तिथे बसल्यावर त्यांनी मला सगळं सांगितलं. विचारावं लागलं नाही. आधी वास कमी झाला, मग हळूहळू गेलाच. सर्दी असेल असं वाटलं, मग नाकाचं काही असेल. डॉक्टरला सांगितलं नाही, कारण डॉक्टरला जे सांगावं त्याची एक नवी गोळी निघते. आणि ही गोष्ट डायलिसिसच्या आधीची होती. दुकान यांच्या हाती होतं तेव्हाची.

यांचं काम कसं चालायचं ते मी लग्नानंतर कितीदा पाहिलंय. पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा, तळातली मूठ वर काढायची, एक दाणा दातानं फोडायचा आणि मूठ नाकापाशी न्यायची. माल ओला भरलाय का, आतून तापलाय का, कुबट झालाय का, हे ते यंत्राआधी सांगायचे. व्यापारी त्यांच्या शब्दावर बोली करायचे. आणि एका हंगामात यांनी एक मोठा ढीग चांगला म्हणून दिला, तो आतून कुजलेला निघाला. घेणाऱ्यानं परत आणून टाकला. चारचौघांत कोणी बोललं नाही, पण हे त्या दिवशी घरी आले आणि म्हणाले, आता तब्येत साथ देत नाही, दुकान भावाला देतो. मी यांच्या डोक्यावरून हात फिरवला होता, बरं झालं म्हटलं होतं. खरंच मला बरं वाटलं होतं. आराम मिळेल त्यांना, असं वाटलं होतं.

"मंग जेवण?" मी विचारलं. "चव?"

"चव तरी कुठं हाये. गरम लागते, थंड लागते, बस."

मी बिनमिठाचं, बिनमसाल्याचं, भाज्या दोनदोनदा उकळून पाणी फेकून केलेलं जेवण यांना इतके दिवस वाढत होते आणि हे प्रत्येक वेळी मान हलवून चांगलं झालं म्हणत होते. बाकावरच्या बायका सांगायच्या की त्यांच्या घरी ताटं आपटतात. मला वाटायचं माझा नवरा समजूतदार आहे. तो समजूतदार होताच, पण तसा नाही.

"सांगितलं काहून नाही?" मी विचारलं.

ते कडुलिंबाचा पाला हातानं चुरत बसले, आणि सवयीनं ती मूठ नाकाकडे न्यायला लागले, मध्येच थांबले. मग म्हणाले, "किडनी गेली तं लोक बिमार म्हणते. नाक गेलं तं अडत्या संपला म्हणते."

आम्ही दोघं एका झाडाला टेकून बसलो होतो आणि समोर आमची गाडी गळत होती. मला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. झोप आली. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला कोणी अंथरूण घालून दिलं असतं तर मी तिथेच झोपले असते.

बाजूच्या वावरात एक बाई कुटार, मळणीनंतरचा भुसा, गोळा करत होती. आम्हाला बसलेलं पाहून ती पाण्याची कळशी घेऊन आली. यांनी नुसती चूळ भरली, घोट घेतला नाही. तिला वाटलं तिचं पाणी यांना चालत नाही, तिचा चेहरा पडला. मग मी पट्टी दाखवली आणि पाणी का मोजावं लागतं ते सांगितलं. ती खाली बसली. तिच्या सासऱ्यालाही तसंच होतं म्हणाली, तो गेला. हे तिनं इतक्या साधेपणानं सांगितलं की यांनाही वाईट वाटलं नाही. मी तिला गाडीचं सांगितलं तर म्हणाली, "तुमी जा घरी. आमी हाओत इथं दिवस मावळेपर्यंत. बिडीवाल्या कोनाले गाडीपाशी जाऊ देत नाई." थोड्या वेळानं रिसोडकडे जाणारी जीप आली. ती भरलेली होती, पण आम्हाला पाहून एक माणूस पुढच्या सीटवरून उठून मागे लोंबकळला. घरी आलो. यांना झोपवलं. मुलीचा फोन आला तेव्हा मी गाडी बंद पडली एवढंच सांगितलं. बाकीचं सांगू नको असं यांनी हातानंच खुणावलं.

मिस्त्रीनं संध्याकाळी जाऊन गाडी ओढत आणली आणि दुसऱ्या दिवशी मला बोलावून दाखवली. पेट्रोल भरायच्या तोंडापासून टाकीपर्यंत एक जाड रबरी पाईप जातो. तो वरच्या अंगानं उकलला होता, वाळलेल्या टाचेसारखा. टाकी अर्धी असली की पेट्रोल तिथवर पोचतच नाही, म्हणून त्याला पहिल्या वेळी सगळं कोरडं दिसलं होतं. भरताना ते त्याच पाईपातून उतरायचं, तेव्हा त्या भेगेतून थोडं झिरपायचं. त्या दिवशी तर गळ्यापर्यंत भरलेली आणि दुपारभर उन्हात उभी. आणि बाटलीचं औषध खोटं नव्हतं. त्यानं टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं बसलेला गंज आणि चिकट गाळ सोडवला होता. तो सगळा जाऊन फिल्टरमध्ये बसला आणि फिल्टर बुजला. मिस्त्री म्हणाला, हे औषध गाडी नवी असतानापासून टाकत गेलं तर ठीक, इतक्या जुन्या टाकीत टाकायचं तर आधी टाकी उतरवून धुवायला पाहिजे. आताच्या पेट्रोलमध्ये जे इथेनॉल मिसळतात तेही जुन्या रबराला मानवत नाही, असंही म्हणाला. मग जरा ओशाळून म्हणाला की पहिल्या वेळेस तुम्ही म्हणत होतात तेव्हा मी टाकी भरून पाहायला पाहिजे होती. मी बरं म्हटलं. माझं नाक बरोबर होतं हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही.

पाईप अकोल्याहून यायचा होता, टाकी उतरवून धुवायची होती. तेवढ्या दिवसांत आम्ही एसटीनं गेलो. जाताना जागा मिळायची. येताना मिळेलच असं नसे, आणि मी कोणाला तरी उठवून यांना बसवायची आणि स्वतः दांडीला धरून उभी राहायची. एकदा उभ्यानंच डोळा लागला आणि कपाळ दांडीवर आपटलं. कंडक्टरनं मला त्याची सीट दिली.

डॉक्टरांना मीच सांगितलं, यांच्यासमोर. डॉक्टर म्हणाले की या आजारात असं होतं कित्येकांना, लोक सांगत नाहीत. परत येईल का म्हणून विचारलं तर म्हणाले, सांगता येत नाही. गोळी मात्र दिली नाही. बाहेर आल्यावर हे म्हणाले, पाहा, उगाच इतके दिवस भ्यायलो.

मग एके दिवशी ते स्वतःच दुकानात गेले. मी सोबत होते, आवाराच्या दारात त्यांना हाताला धरून चढवावं लागतं म्हणून. धाकट्या भावापुढे खुर्चीवर बसले आणि काही प्रस्तावना न करता त्याला सांगून टाकलं. दीर माझे मोठ्या भावापुढे कमीच बोलतात. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं.

"दादा, मले तवाच समजलं होतं," ते म्हणाले. "तुमी मूठ नाकापाशी न्यायचे अन् मंग माह्या तोंडाकडे पाहायचे."

"मंग बोलला काहून नाही?"

"तुमी बोलान म्हणून थांबलो."

दोघेही भाऊ नंतर चहा पिण्याबद्दल बोलायला लागले. यांना चहा अर्धा कपच चालतो. तो आला, तो यांनी प्यायला. नंतर दीर एक पोतं फोडून मूठभर दाणे घेऊन आले. यांच्या तळहातावर ओतले आणि रंगावरून, वजनावरून काय वाटतं ते सांगा म्हणाले. हे दाणे उलटेसुलटे करत राहिले. मी तेवढ्या वेळात बाहेर हमालांच्या बाकावर बसून घेतलं. आता बाजाराच्या दिवशी, तब्येत बरी असेल तर, ते तासभर तिथे जाऊन बसतात. हुंगायचं काम दीर करतात. हे पाहतात आणि दाणा दाताखाली फोडतात. दोघांचं मिळून बरोबर येतं म्हणे, बहुतेक वेळा.

मुलीलाही शेवटी यांनी सांगितलं. कधीपासून, डॉक्टर काय म्हणाले, हे ती विचारत राहिली. मग मला फोन द्यायला सांगून म्हणाली की आई, मी तुला भास म्हणाले होते. मी म्हटलं, जाऊ दे.

गाडी परत आली. नवा पाईप, नवा फिल्टर, धुतलेली टाकी. चढावर अडखळत नाही. टाकी भरली तरी वास येत नाही. सुरुवातीला यांनी प्रत्येक वेळी पंपावरून निघालो की विचारलं, येते का? मी काच वर करून, श्वास घेऊन सांगायची, नाही. गाडीचं कौतुक करायचं मात्र त्यांनी कमी केलंय. पासिंगची, म्हणजे आरटीओच्या नोंदणीची, मुदत संपत आली आहे. ते परत करून घ्यायचं की गाडी काढून टाकायची, हे ठरलेलं नाही. दोघांनाही त्यावर बोलायचा कंटाळा येतो.

एक बदल घरात झाला. मी एकदा भाकरी तव्यावरून काढायला विसरले, कडा कडक झाल्या. दुसरी करायला पीठ मळलेलं नव्हतं म्हणून तीच वाढली. यांनी तुकडा मोडला आणि खाता खाता थांबले. म्हणाले, ही चांगली झाली. मी त्यांच्याकडे संशयानं पाहिलं. ते म्हणाले, नाही, खरंच, चव नाही पण दाताखाली वाजते, खाल्ल्यासारखं वाटते. तेव्हापासून त्यांची भाकरी मी मंद आचेवर मुद्दाम कडक करते. त्याला वेळ लागतो. तव्यापाशी उभं राहून माझ्या पायांना रग लागते, म्हणून दीरांनी दुकानातलं एक उंच स्टूल आणून दिलंय. त्यावर बसून मी भाकरी शेकते आणि हे समोर पाट घेऊन वाट बघत बसतात. उद्या पुन्हा वाशिम आहे. सकाळी लवकर निघायचं, म्हणून आज दोन भाकरी जास्तीच्या शेकून ठेवायच्या आहेत.